जुन्या गाडीतलं ‘मूळ’ नेमकं कुठे असतं?

जामसंड्यात व्याख्यान आणि विषय जुनी जपानी गाडी, हे वाचून काही जणांना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं गॅरेजात काय काम? तर काम आहे. जुनी गाडी पुन्हा उभी करताना मेस्त्रीला जो प्रश्न पडतो, तोच तत्त्वज्ञांना दोन हजार वर्षं पडत आला आहे. वस्तूचे भाग एकेक करून बदलत गेलो, तर ती वस्तू कुठपर्यंत ‘तीच’ राहते? आज आपण तो प्रश्न पाना-पक्कड हातात घेऊन पाहू.

आधी गाड्या कोणत्या ते सांगतो. टोयोटाने १९६७ ते १९७० या काळात ‘२००० जीटी’ नावाची स्पोर्ट्स कार काढली. सहा सिलिंडरचं, दोन लिटरचं इंजिन. एकूण गाड्या साडेतीनशेच्या आसपास, बस्स. ती घडवण्यात यामाहा कंपनीचा मोठा हात होता. अशी गाडी तेव्हा आपल्या रस्त्यावर दिसणं कठीणच. आयात कर जबर आणि सगळं परवान्यांचं राज्य. आपल्या पिढीच्या वाट्याला जपानी वेग आला तो दोन चाकांवर. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने त्याच यामाहाची आरडी ३५० ही गाडी ‘राजदूत ३५०’ म्हणून इथे आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. पेट्रोल पिण्याबद्दल बदनाम, पळण्याबद्दल प्रसिद्ध. काही वर्षांत ती बंद झाली, आणि बंद झाल्यावर तिची किंमत लोकांना कळली. आपल्याकडे असं बऱ्याच गोष्टींचं होतं.

आता समजा, अशी एक गाडी आपल्या किनाऱ्यावरच्या कुठल्या तरी पडवीत वीस वर्षं उभी आहे. खारी हवा आणि चार महिने पाऊस. पेट्रोलची टाकी आतून गंजलेली, सायलेन्सरला भोकं, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट बसलेलं. कोणी तरी हौशी माणूस ती उचलतो आणि म्हणतो, ‘मला ही अगदी ओरिजिनल करायची आहे.’ झालं! इथून तत्त्वज्ञान सुरू होतं. कारण ‘ओरिजिनल’ या एका शब्दात किमान तीन निरनिराळ्या गोष्टी दडल्या आहेत.

एक, याच गाडीला कारखान्यात बसवलेला भाग. तो झिजला असेल, पण तो हिचा आहे. दोन, त्याच काळात बनलेला पण कधीच न वापरलेला भाग, कुणा विक्रेत्याच्या माळ्यावर जुन्या खोक्यात राहिलेला. हा दुर्मीळ, म्हणून महाग. तीन, आज नव्याने बनवलेला, हुबेहूब दिसणारा भाग. हौशी मंडळी साधारण याच क्रमाने मान देतात. पण हा क्रम डोळे मिटून पाळला तर जिवावर बेतू शकतं.

कसं ते बघा. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात. चाळीस वर्षं खोक्यात पडलेलं सील दिसायला कोरं असतं, खोक्यावर जपानी अक्षरं असतात, पण रबर कडक झालेलं असतं. ते बसवलं की बाहेरची हवा आत शिरते. मिश्रणात पेट्रोल आणि त्याबरोबरचं ऑईल कमी पडतं, पिस्टन प्रमाणाबाहेर तापतं आणि धावत्या गाडीत जाम होतं. मागचं चाक जागच्या जागी अडकतं. म्हणजे जो भाग कागदोपत्री सर्वांत ‘मूळ’, तोच माणसाला रस्त्यावर आडवा करतो. रबर, टायर, ब्रेकचे भाग यांच्या बाबतीत आजचा नवा, चांगला माल हेच शहाणपण.

ब्रेकवरून आठवलं. जपानमधल्या आरडी ३५० ला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडच्या गाडीला ड्रम दिला. वेगाच्या मानाने तो अपुरा, ही तक्रार तेव्हापासूनची. आज कोणी जपानी डिस्क मिळवून इथल्या गाडीला लावली, तर गाडी मुळाच्या जवळ गेली की लांब? यामाहाच्या मूळ कल्पनेच्या जवळ गेली, पण या गाडीच्या स्वतःच्या इतिहासापासून लांब गेली. दोन्ही उत्तरं खरी आहेत. मग ‘मूळ’ म्हणजे काय, कल्पना की इतिहास?

इथे आपल्याला नागसेन भेटतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद रथात बसून येतो. भिक्षू नागसेन त्याला विचारतो, की आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग हे सगळं सोडून वेगळा असा रथ आहे का? तेही नाही. शेवटी ठरतं ते असं, की या भागांच्या जुळणीला आपण व्यवहारासाठी ‘रथ’ हे नाव देतो. नाव खोटं नाही. पण त्या नावामागे न बदलणारा असा कोणताही गाभा नाही.

ग्रीकांकडेही अशीच एक गोष्ट आहे. थीसियसचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपलं. फळी कुजली की नवी बसवली. आपल्या किनाऱ्याला हे नवीन नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढतात, कुजकी फळी काढून नवी मारतात आणि नारळी पौर्णिमेनंतर तीच होडी समुद्रात जाते. ‘तीच’ म्हणताना कोणी अडखळत नाही. पण सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यात एक पाचर मारली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्यांचं दुसरं जहाज उभं केलं तर? मूळ जहाज कोणतं?

हॉब्जने गंमत म्हणून विचारलं असेल, पण जुन्या गाड्यांच्या बाजारात हे खरंच घडतं. एका गाडीतून निघालेले भाग पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात जातात, तिथून दुसऱ्या सांगाड्यावर चढतात, आणि दोन्ही मालक ‘आमचीच खरी’ म्हणतात. कधी तर एक दुरुस्त करण्यासाठी दोन चालत्या गाड्या मोडल्या जातात. याला जीर्णोद्धार म्हणायचं का? टोयोटाने २०२० मध्ये ‘२००० जीटी’चे गिअरबॉक्स वगैरे भाग पुन्हा बनवायला घेतले, तेव्हा ते फक्त त्या गाडीच्या मालकांनाच आणि मोजकेच द्यायचे असं ठरवलं. पुनर्विक्रीचा धंदा होऊ नये म्हणून.

कायद्याने या पेचाचं उत्तर आपल्या परीने दिलं आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. अट अशी, की ती मूळ स्वरूपात असावी. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. १९८३ ची आरडी ३५० या हिशेबाने २०३३ मध्ये पात्र होईल.

आणि योगायोग पाहा, त्याच २०३३ मध्ये जपानमधल्या इसे इथलं देवस्थान पुन्हा नव्याने बांधून व्हायचं आहे. ते दर वीस वर्षांनी, शेजारच्या मोकळ्या जागेवर, नव्या लाकडात उभारतात. मागच्या वेळी २०१३ मध्ये झालं. लाकूड नवं, पण घडवण्याची रीत जुनी. १९९४ मध्ये जपानमधल्याच नारा शहरात जगभरचे जाणकार जमले आणि त्यांनी मान्य केलं, की अस्सलपणा केवळ द्रव्यावरून ठरवता येत नाही. रचना, उपयोग, परंपरा, कारागिरी हेही पाहावं लागतं.

मग आपण काय धरायचं? आमचं म्हणणं असं. नागसेन म्हणतो तसा न बदलणारा गाभा गाडीत नाही. तिचं तिचंपण आहे ते तिच्या अखंड इतिहासात. म्हणूनच गंजलेल्या चॅसीवर दुसराच नंबर ठोकणं हा कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय ते त्या इतिहासाबद्दल बोललेलं खोटं आहे. उलट, नवा भाग उघडपणे बसवला तर त्याने काही बिघडत नाही.

म्हणून काम सुरू करण्याआधी एक वही घाला. कोणता भाग काढला, का काढला, त्या जागी काय आणि कुठून आणून बसवलं, तारखेसह लिहा. काढलेला भाग चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवा. ज्यावर नंबर आहे ती चॅसी आणि इंजिनाची केसिंग शक्यतो दुरुस्त करा, बदलू नका. डिस्क ब्रेक लावायचा तर लावा, पण ड्रमचा संच जपून ठेवा आणि वहीत तसं लिहा. गाडी विकाल तेव्हा वही आणि खोकं गाडीबरोबर द्या. पुढच्या मालकाला त्यातून काय परत बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं, हे ठरवता येईल.

वेळ झाली आहे, थांबतो. प्रश्न असतील ते जरूर विचारा.