गोल्फच्या मैदानाची रचना : सेंट अँड्र्यूजच्या 'ओल्ड कोर्स'च्या संदर्भात

हॉकी किंवा कबड्डी या खेळांच्या मैदानाची लांबी-रुंदी नियमांनी ठरलेली असते. गोल्फच्या मैदानाला मात्र असे ठरावीक मोजमाप नाही. चेंडू ज्यात घालवायचा त्या खळग्याचा व्यास तेवढा १०८ मिलिमीटर असा निश्चित आहे. बाकीची रचना मूलतः जमीन ठरवते. प्रस्तुत लेखात स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील 'ओल्ड कोर्स'च्या आधारे हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

'होल' या शब्दाने केवळ तो खळगा नव्हे, तर तेथपर्यंतचा संपूर्ण टप्पाही सूचित होतो. 'टी' या सपाट जागेवरून पहिला फटका मारला जातो. पुढे कापलेल्या गवताचा 'फेअरवे', त्याच्या दोन्ही बाजूंना वाढलेल्या गवताचा 'रफ', मध्येच वाळूचे खड्डे म्हणजे 'बंकर' आणि शेवटी अतिशय बारीक कापलेल्या हिरवळीचे 'ग्रीन' असते. कुशल खेळाडूस त्या टप्प्यासाठी अपेक्षित असलेल्या फटक्यांची संख्या म्हणजे 'पार'. ओल्ड कोर्सचा एकूण पार ७२ आहे.

समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधील वालुकामय, गवताळ पट्ट्यास तेथे 'लिंक्स' म्हणतात. ही जमीन नांगरास निरुपयोगी; परंतु पाण्याचा निचरा उत्तम. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांमुळे बंकर तयार झाले, असे परंपरेने सांगितले जाते. आज त्यांची संख्या ११२ आहे. पूर्वी खेळाडू त्याच मार्गाने जात व परतत, आणि एका फेरीत २२ होल होत. १७६४ मध्ये आरंभीच्या चार होलांचे दोन केले गेले. जाता-येता मिळून चार कमी झाले व १८ उरले. जगभर रूढ झालेल्या या संख्येमागे दुसरे कोणतेही गूढ नाही. पुढे गर्दी वाढल्यावर ग्रीन रुंद करून प्रत्येकी दोन खळगे करण्यात आले. अशा सात जोडग्रीनांवरील होलक्रमांकांची बेरीज दर वेळी १८ येते, हे गणिताच्या अध्यापकांना रुचावे.

आपल्याकडे गोल्फचे मैदान म्हटले की कुंपण आणि सभासदत्व आठवते. सेंट अँड्र्यूजचा इतिहास निराळा आहे. १७९७ मध्ये कर्जबाजारी झालेल्या नगरपरिषदेच्या हातून ही जमीन गेली आणि तेथे चक्क सशांची पैदास सुरू झाली. सशांचे व्यापारी व खेळाडू यांच्यातील वाद १८२१ मध्ये जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदाराने जमीन विकत घेईपर्यंत चालला. १८९४ च्या संसदीय कायद्याने ती पुन्हा नगराकडे आली. आजही मोठ्या स्पर्धांचा अपवाद वगळता रविवारी तेथे खेळ बंद असतो, आणि गावकरी कुत्र्यांना घेऊन त्याच फेअरवेवर फिरावयास येतात.