वेगाची हौस आणि ट्रॅकची शिस्त

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी 100 किलोमीटर आहे, घाटात त्याहून कमी. आजची चांगली स्पोर्ट्स कार उभ्या जागेवरून हा वेग चार-पाच सेकंदांत गाठते. पुढे काय करायचं? अनेक मालक याचं उत्तर भल्या पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर शोधतात, आणि तिथेच चूक होते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण शिक्षेपेक्षाही मोठा प्रश्न वळणापलीकडे उभ्या असलेल्या ट्रकचा आणि रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा आहे. वेगाची हौस असेल, तर तिची जागा ट्रॅकवर आहे.

भारतात अशा जागा मोजक्याच आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक 1990 पासून सुरू आहे. त्याची लांबी सुमारे 3.7 किलोमीटर. ग्रेटर नोएडातलं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट 5.1 किलोमीटरचं, सोळा वळणांचं. तिथे 2011 ते 2013 या तीन वर्षांत फॉर्म्युला वन शर्यती झाल्या आणि तिन्ही सेबॅस्टियन फेटेलने जिंकल्या. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे त्या मानाने लहान आहे. महाराष्ट्रातल्या हौशी चालकाला यांपैकी कुठलाही ट्रॅक गाठायचा तर लांबचा प्रवास आलाच.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. इथे क्रमांक नसतो, करंडक नसतो. चालकांचे अनुभवानुसार गट पाडतात आणि प्रत्येक गटाला साधारण पंधरा-वीस मिनिटांचं सत्र मिळतं. नवख्यांच्या गटात ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्या चालकाने हाताने खूण केल्यावर. सकाळी सूचनांची बैठक होते. पिवळा झेंडा दिसला की वेग कमी करायचा आणि ओव्हरटेक करायचं नाही, लाल दिसला की फेरी थांबवून सावकाश पिट लेनकडे वळायचं, निळा म्हणजे मागून जलद गाडी येतेय. या बैठकीला दांडी मारणाऱ्याला आयोजकांनी ट्रॅकवर सोडूच नये.

गाडीच्या तयारीत नवखे लोक हॉर्सपॉवरचा विचार करतात; खरी परीक्षा ब्रेकची असते. वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते आणि ती सगळी ब्रेकना उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. बुद्ध सर्किटचा मागचा सरळ पट्टा एक किलोमीटरहून लांब आहे आणि त्याच्या शेवटी जोरात ब्रेक लावावा लागतो. दर फेरीला असं झालं की ब्रेक ऑइल तापतं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-4 प्रतीचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. मुरलेल्या पाण्यासह ही मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल मऊ पडतं आणि पाय खाली जाऊनही गाडी थांबत नाही. म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी ताजं ब्रेक ऑइल भरावं आणि पॅडची जाडी तपासावी. चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळावेत. डिकीतलं सामान, पाण्याच्या बाटल्या, सुटे फ्लोअर मॅट, सगळं बाहेर. टायर तापले की आतली हवा प्रसरण पावून दाब वाढतो, तो प्रत्येक सत्रानंतर मोजावा.

आता प्रत्यक्ष चालवणं. टायरची पकड पगारासारखी मर्यादित असते. ब्रेकवर जास्त खर्च केली की वळायला कमी उरते. म्हणून ब्रेक सरळ रेषेत, वळण सुरू होण्याआधीच पुरा करायचा. मग बाहेरच्या कडेने वळणात शिरून आतल्या कडेजवळचा बिंदू, म्हणजे एपेक्स, गाठायचा आणि पुन्हा बाहेरच्या कडेकडे गाडी सोडायची. या रेषेमुळे वळण जास्त रुंद मिळतं. आत शिरताना जरा सावकाश असलेला चालक ॲक्सिलरेटर लवकर देऊ शकतो आणि तो वेग त्याला पुढचा पूर्ण सरळ पट्टा कामी येतो.

सर्वांत धोक्याची सवय म्हणजे वळणाच्या मधोमध घाबरून ॲक्सिलरेटर झटकन सोडणं. तसं केलं की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची हलकी होतात आणि गाडी गिरकी घेऊ शकते. मागे इंजिन असलेल्या पोर्शे 911 च्या जुन्या मॉडेल्सची याबाबतीत ख्यातीच होती. आजच्या गाड्यांत स्थैर्य राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. नवख्याने ती बंद करण्याचा मोह टाळावा. नजर बॉनेटसमोर न ठेवता पुढच्या वळणाकडे न्यावी, कारण हात नजरेमागे जातात. शेवटची फेरी ब्रेक फारसा न वापरता सावकाश मारावी आणि गाडी उभी केल्यावर तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ओट लावावी.

विम्याचं कलमही घरूनच वाचून निघावं. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवरच्या नुकसानीचं काय, हे कंपनीकडून लेखी विचारून घेतलेलं बरं.

महागडी गाडी ही पहिली अट मुळीच नाही. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत, आणि ब्रेक, रेषा, नजर हे तिन्ही धडे कार्टमध्येही तेच असतात. ज्यांच्या दारात स्पोर्ट्स कार उभी आहे, त्यांनी नवा एक्झॉस्ट किंवा रुंद चाकं घेण्याआधी तेच पैसे चांगलं हेल्मेट, एका ट्रॅक डेची फी आणि शेजारी बसून शिकवणारा प्रशिक्षक यांवर खर्च करावेत.