थकवा मोजणारे यंत्र नाही

१७ ऑगस्ट २०२३ ची दुपार. नागपूरहून पुण्याला येणाऱ्या इंडिगोच्या विमानाचे कॅप्टन बोर्डिंग गेटजवळ अचानक कोसळले. त्यांना रुग्णालयात नेले, पण जीव वाचला नाही. आदल्या दिवशी पहाटे ३ ते ७ या वेळेत त्यांनी तिरुवनंतपुरम-पुणे-नागपूर असे विमान चालवले होते. त्यानंतर त्यांना २७ तासांची विश्रांती मिळाली होती, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. म्हणजे कागदावर नियम पाळला गेला होता.

हृदय एकाएकी बंद पडण्यामागे अनेक कारणे असतात. एका मृत्यूचे खापर थकव्यावर फोडणे डॉक्टर म्हणून मला पटत नाही. पण '२७ तासांची विश्रांती' हे शब्द मला थांबवतात, कारण विश्रांतीचे तास म्हणजे झोपेचे तास नव्हेत.

आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे. ते उजेड-अंधारावर चालते, ड्युटीच्या तक्त्यावर नाही. पहाटे २ ते ६ या वेळेत शरीराचे तापमान उतरलेले असते, लक्ष ढळते, हात-डोळ्यांचा मेळ मंदावतो. रात्रभर जागून सकाळी पडदे ओढून झोपले, तरी हे घड्याळ 'आता उठायची वेळ' असेच सांगत राहते. म्हणून दिवसाची झोप तुटक होते आणि काही तासांनी कमीही पडते. असे दोन-तीन दिवस लागोपाठ झाले की झोपेची उधारी साठत जाते.

या उधारीची तुलना दारूशी झाली आहे. सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाची कामगिरी १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असताना होते तितकी घसरते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांना १९९७ मध्ये आढळले. सलग २४ तास जागल्यावर ती १०० मिलिग्रॅमच्या पातळीला जाते. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. वैमानिकाला तर अल्कोहोलचा अंशही चालत नाही; त्याच्या श्वासाची चाचणी यंत्रावर होते. थकव्यासाठी असे यंत्र नाही. तो ज्याचा त्यानेच सांगावा लागतो.

आणि सांगणे सोपे नसते. मी निवासी डॉक्टर असतानाची गोष्ट. सलग दुसऱ्या रात्रीच्या ड्युटीत एका रुग्णाच्या औषधाचा डोस मी दसपट लिहिला होता. सिस्टरनी कागद परत आणून विचारले, "डॉक्टर, हे बरोबर आहे ना?" रुग्ण वाचला तो त्यांच्यामुळे. मी दमलो होतो हे मला कळत होते, पण वरिष्ठांना सांगायची हिंमत नव्हती. 'याला जमत नाही' असा शिक्का बसेल, ही भीती.

विमानात अशी चूक परत आणून दाखवायला वेळ नसतो. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेस या स्वस्त सेवेचे विमान पहाटे मंगळुरूच्या धावपट्टीपुढे जाऊन दरीत कोसळले. १५८ जण दगावले. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपले होते. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात घोरणे ऐकू आले. गाढ झोपेतून उठल्यावर मेंदूवर काही काळ झापड राहते आणि निर्णय चुकतात. चौकशीत या झापडीचा उल्लेख झाला. सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घ्यायला सांगितले होते, पण ते ऐकले गेले नाही.

स्वस्त तिकिटाचे गणित साधे असते: विमान जमिनीवर कमीत कमी थांबले पाहिजे. अर्ध्या तासात प्रवासी उतरवायचे, नवे घ्यायचे आणि निघायचे. त्यामुळे वैमानिकाच्या वाट्याला एका दिवसात तीन-चार उड्डाणे येतात. सर्वाधिक ताण असतो तो उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी, आणि तोच इथे पुन्हा पुन्हा येतो. शिवाय डोक्यावर प्रशिक्षणासाठी काढलेले लाखोंचे कर्ज. २०१७ च्या नियमानुसार नोकरी सोडताना कॅप्टनने १ वर्षाची आणि सहवैमानिकाने ६ महिन्यांची नोटीस द्यायची. पण १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली, तेव्हा कर्मचाऱ्यांना अशी सवड मिळाली नाही. हे पाहिलेला माणूस 'मी आज दमलो आहे' हे सहज कसे म्हणेल?

जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने नियम बदलले. साप्ताहिक विश्रांती ३६ ऐवजी सलग ४८ तास. 'रात्र' पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत. रात्रीच्या ड्युटीत ६ ऐवजी २ वेळाच विमान उतरवायचे. अमलात यायला मात्र जुलै आणि नोव्हेंबर २०२५ उजाडले. पुढे काय झाले ते लोहगाव विमानतळावर ताटकळलेल्या पुणेकरांना आठवत असेल. इंडिगोकडे नव्या नियमांना पुरतील इतके वैमानिक नव्हते. ५ डिसेंबरला एका दिवसात देशभर हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. शेवटी त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. नियमाला सूट देता येते. मेंदूतल्या घड्याळाला नाही.

थकव्याचे यंत्र नसल्यामुळे दोन गोष्टी यंत्राचे काम करतात: पुरेशी माणसे, आणि थकवा सांगितल्याने नोकरी जाणार नाही याची खात्री. नोकरीची सुरक्षितता हा प्रवाशाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.

हिंजवडीत, कारखान्यात, रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. खोली पूर्ण अंधारी करा, झोपेआधी सहा तास चहा-कॉफी टाळा, आणि रात्रपाळीहून निघताना डोळे मिटत असतील तर स्वतः गाडी चालवू नका.

आणि पुढच्या वेळी 'वैमानिकाच्या ड्युटीची वेळ संपल्यामुळे उड्डाणास उशीर होत आहे' अशी घोषणा झाली, तर काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नका. तो उशीर आपल्याच भल्यासाठी आहे.