तुटलेल्या धाग्याचा तक्ता

मे महिन्याची दुपार. नागपुरात गांधीबागेच्या कापड बाजारात हातगाडीला हातगाडी अडली आहे. हमालाच्या पाठीवर गाठ, डोक्याला ओला दुपट्टा. "बाजू, बाजू!" पांढऱ्या गादीवर थान उलगडतं, पुन्हा गुंडाळलं जातं. कोपऱ्यात मुनीम कॉम्प्युटरपुढे बसलेत. गाठ छिंदवाड्याला जायची आहे आणि राज्याबाहेर जाणारा ५० हजारांवरचा माल ई-वे बिलाशिवाय निघत नाही. साइट उघडत नाही. गाडीवाला घाम पुसत उभा आहे.

दोन दुकानांच्या मधून अंधारा जिना वर जातो. आवाजाआधी थरथर पोचते, तळपायातून.

वर भरतकामाचं एकच लांब यंत्र, भिंतीपासून भिंतीपर्यंत. एका रांगेत १२ हेड. प्रत्येकाखाली राणी रंगाचं ब्लाउजपीस ताणलेलं. बारा ठिकाणी एकच मोर एकाच वेळी भरला जातोय. आधी मान, मग पिसारा. टोकाच्या स्क्रीनवर आकडे पळतात. या मोराचे टाके २४,०००. वेग मिनिटाला ८००. न थांबता चाललं तर अर्धा तास.

पण ते थांबतं. सातव्या हेडवर लाल दिवा लागतो. धागा तुटलाय एका सुईचा, गप्प होतात बाराही. कारागीर वाकतो, चिमट्याने धागा ओवतो, फ्रेम चार टाके मागे घेतो, बटण दाबतो. पुन्हा खडखडाट.

"दुपारी धागा भल्ला तुटते, भाऊ," तो म्हणतो. नजर सुईवरच.

खिडकीशी एक मुलगी पंचिंग करते आहे. मोराच्या चित्रावर माऊस फिरवत कुठला टाका कुठल्या दिशेने पडेल ते ठरवते. १८०४ साली फ्रान्समध्ये जकारने पुठ्ठ्याला भोकं पाडून मागाला नक्षी सांगितली. इथे ती पेनड्राइव्हमधून जाते.

मालक मोबाइलवर तक्ता उघडतात. यंत्र कधी थांबलं, कितीदा, किती वेळ. सकाळी थांबे तुरळक. बारा ते चार दाट. कारागिराने मघाशी एका वाक्यात सांगितलं तेच इथे रकान्यांत आहे. नागपूरची कोरडी हवा सुताला सोसत नाही. इथून जवळच, १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवली होती. इथे कुलर आहे. त्याची टाकी आत्ता रिकामी आहे. एक पोरगा बादली घेऊन येतो.

भरतकामाचा दर हजार टाक्यांवर ठरतो. म्हणून थांबलेलं प्रत्येक मिनिट कुणाच्या तरी खिशातून जातं. ते कारागिराच्या खिशातून जाऊ नये. त्यासाठी या तक्त्यात हवेतल्या ओलाव्याचा आणि धाग्याच्या लॉटचाही रकाना हवा, आणि तो तक्ता मालकाआधी यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला दिसायला हवा.