पार्लरच्या शिक्षणाचा पहिला धडा

दहावीचा निकाल लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, पोरीले पार्लरचा कोर्स लावून देऊ काय जी?" माझे उत्तर असते, अवश्य द्या. हा हाताला काम आणि स्वतःचा पैसा देणारा व्यवसाय आहे. राज्यातील काही माध्यमिक शाळांत नववी-दहावीलाच 'ब्युटी अँड वेलनेस' हा व्यवसाय विषय घेता येतो. दहावीनंतर आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. अमरावती व अकोला येथे मुलींसाठी स्वतंत्र शासकीय आयटीआय आहेत. तेथे प्रवेशाची चौकशी करावी.

मात्र पालकांनी आणखी एक गोष्ट विचारावी. फेशियल, थ्रेडिंग शिकवण्याआधी त्वचेची माहिती आणि स्वच्छता शिकवतात का?

हे का विचारायचे? जानेवारी २०२३ मधील अकोल्याची बातमी अनेकांना आठवत असेल. गोरे होण्याची क्रीम वापरणाऱ्या एकाच घरातील आई व दोन मुली, तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत क्रीममध्ये पारा सापडला. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळल्यासारखा वाटतो. पण तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात पोचतो. लघवीला फेस येणे, पाय व चेहरा सुजणे ही लक्षणे दिसली तर क्रीम लगेच थांबवून डॉक्टरांकडे जावे. कायद्याने अशा क्रीममध्ये मुद्दाम पारा घालता येत नाही. नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत १ भागापेक्षा जास्त चालत नाही. म्हणून लेबल, उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक नसलेली डबी शिकाऊ मुलीने हातातही धरू नये. स्टेरॉइडयुक्त मलमे तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कोणाच्याही चेहऱ्याला लावू नयेत.

आता रोजच्या कामातील पथ्ये पाहू.

१) केसांचा काळा रंग व 'काळी मेंदी' यांत बहुधा पीपीडी हे रसायन असते. काहींना त्याने चेहरा सुजतो, फोड येतात. रंग लावण्यापूर्वी कानामागे थोडा लावून ४८ तास वाट पाहावी. खाज सुटली तर तो रंग वापरू नये.

२) प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड व नवा दोरा. दोरा तोंडात न धरता मानेला बांधावा. वापरलेल्या ब्लेडवर रक्ताचा अंश राहिला तर कावीळ-ब पसरू शकते.

३) धातूची हत्यारे साबणाने घासून २० मिनिटे उकळावीत. वॅक्सची पट्टी अंगाला लावून पुन्हा भांड्यात बुडवू नये.

४) ब्लीच व रंगाचे काम हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून करावे. दमा असलेल्या मुलीने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

गजकर्ण, कोडाचा पहिला डाग, न भरणारी जखम, हे कित्येकदा डॉक्टरांआधी पार्लरवालीला दिसते. अशा वेळी "ताई, आधी डॉक्टरांना दाखवा" एवढे सांगता आले, तरी पुढचा त्रास टळतो. असे सांगणाऱ्या मुलीकडे गिऱ्हाईक विश्वासाने पुन्हा येते. गोरेपणाचे आश्वासन मात्र तिने कोणालाच देऊ नये. आपल्या वऱ्हाडच्या उन्हात सावळी कातडी हे निसर्गाने दिलेले संरक्षण आहे.