जाताना पाणी किती गार?

उष्णतेचा ताळेबंद : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण एक आकडा गाठीशी बांधला होता. १ घनमीटर, म्हणजे १००० लिटर पाणी १ अंशाने निवले की १.१६ युनिट उष्णता मोकळी होते. तेवढ्या शिदोरीवर आज आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकला जाऊ.

तिथल्या मुख्य बाजाररस्त्याचे नाव लौगावेगुर, म्हणजे गरम झऱ्यांकडे जाणारी वाट. एके काळी शहरातल्या बायका धुण्याची बोचकी घेऊन याच वाटेने झऱ्यांवर जात. १९३० मध्ये झराच शहरात आला. तिथल्या बोअरचे सुमारे ८७ अंशांचे पाणी ३ किलोमीटरच्या नळातून एक शाळा, एक रुग्णालय, पोहण्याचा तलाव आणि साठ-सत्तर घरांत खेळू लागले. १९७३ च्या तेलसंकटानंतर अशा योजनांना जोर आला. आज देशातली दहापैकी नऊ घरे जमिनीखालच्या उष्णतेवर ऊब घेतात. नेसयावेटलिर इथल्या केंद्रातून १९९० पासून रेक्याविकला येणारे पाणी २७ किलोमीटरचा प्रवास करते आणि बर्फाळ वाऱ्यातही वाटेत जेमतेम २ अंश निवते.

नळाला पैकीच्या पैकी गुण. पण खरी परीक्षा घराच्या आत आहे.

समजा, एका घरात ७५ अंशांचे पाणी रेडिएटरमध्ये शिरले आणि ३५ अंशांवर बाहेर पडले. ४० अंश घरात उतरले, म्हणजे घनमीटरमागे सुमारे ४६ युनिट. शेजारच्या घरात रेडिएटर लहान, त्याची चावी नको तेवढी उघडी. पाणी घाईघाईने फिरून ५५ अंशांवरच निघून जाते. तिथे मिळाले २३ युनिट. रेक्याविकमध्ये बिल वापरलेल्या पाण्यावर येते; म्हणजे तेवढ्याच उबेसाठी शेजाऱ्याला दुप्पट पाणी आणि दुप्पट पैसे. तपासायला फार यंत्रे लागत नाहीत. रेडिएटरचा वरचा भाग हाताला चटका देत असेल आणि खालचा कोमट लागत असेल, तर काम चोख चालले आहे. खालीही चटका बसला, तर उष्णता गटाराच्या वाटेला लागली म्हणून समजा. घरातून निघालेले ३५ अंशांचे पाणीही तिथे सरसकट वाया घालवत नाहीत. पदपथांखालच्या नळ्यांतून ते फिरवतात आणि वरचा बर्फ वितळवतात.

गरम झरे सगळ्यांच्या नशिबी नसतात. स्वीडनमध्ये अंगणात शंभर-दोनशे मीटर खोल बोअर घेऊन हीट पंप बसवतात. हा उलटा फ्रिजच. जमिनीतली थोडीशी उष्णता उचलायची आणि वीज खर्चून तिचे तापमान चढवायचे. चढण जितकी उंच, तितकी वीज जास्त. जमिनीखालच्या नळीतला द्रव शून्याच्या आसपास असेल आणि घराला ३५ अंशांचे पाणी पुरत असेल, तर १ युनिट विजेमागे ४ युनिटांच्या वर उष्णता मिळू शकते. ५५ अंश लागत असतील, तर हाच आकडा ३ वर येतो. पंप तोच, बोअर तीच; बदलले ते फक्त घर.

माहितीपत्रकातला आकडा मात्र जपून वाचावा. समजा, हिवाळाभरात पंपाने १२,००० युनिट उष्णता दिली आणि कॉम्प्रेसरने ३,००० युनिट वीज घेतली. गुणांक झाला ४. पण पाणी फिरवणाऱ्या मोटारींनी ३०० युनिट खाल्ले आणि कडाक्याच्या थंडीत मदतीला लावलेल्या विजेच्या कॉइलने ७०० युनिट घेऊन तेवढीच उष्णता दिली. आता १२,७०० भागिले ४,०००, उत्तर ३.२ च्याही किंचित खाली. ताळेबंदाची रेघ कुठे ओढली, ते विचारल्याशिवाय दोन पंपांची तुलना करू नये.

तशीच दोन हिवाळ्यांची तुलनाही बिलांवरून करू नये. आत २० अंश हवेत आणि बाहेर दिवसाची सरासरी २ असेल, तर त्या दिवसाची तूट १८. हिवाळाभराच्या अशा तुटींची बेरीज करून तिने खर्चलेल्या उष्णतेला भागावे. आलेला आकडा घटला, तरच घर सुधारले. एरवी हिवाळाच सौम्य होता.

झरा असो वा बोअर, निकाल एकच : ज्या घराचे कोमट पाण्यात भागते, त्याचीच व्यवस्था उत्तम. भिंतींचे अस्तर, खिडकीच्या फटी आणि रेडिएटरचा आकार आधी बघावा, पंपाची किंमत नंतर.

पुढील लेखांकात : वर्षानुवर्षे उष्णता उपसली, तर बोअरभोवतीची जमीन गार पडते का?