थारचा खप आणि थारची किंमत: आकडा नेमका कशाचा, ते आधी विचारा

समजा, तुम्हाला एम.ए.च्या प्रबंधासाठी किंवा पीएचडीच्या प्रस्तावासाठी विषय हवाय आणि तुम्ही ठरवलंत, ‘महिंद्रा थारची किंमत आणि खप यांचा संबंध’. विषय वाईट नाही. गाडी सगळ्यांना माहीत आहे, आपल्या नाशिकच्या कारखान्यात बनते, किमती जाहीर असतात आणि खपाचे आकडे दर महिन्याला पेपरात येतात. एक्सेलमध्ये दोन रकाने करायचे, रिग्रेशन चालवायचं, झालं.

उत्तर काय येईल? नवी थार आल्यापासून त्याच प्रकारच्या गाडीची किंमत टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि वर्षागणिक खपही वाढत गेला. म्हणजे गुणांक धन येणार. याचा अर्थ किंमत वाढवली की लोक जास्त गाड्या घेतात? हे वाक्य तोंडी परीक्षेत एकदा मोठ्याने म्हणून बघा. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे यावरून कुणी ‘अशा गाड्यांच्या ग्राहकाला किमतीचं काही वाटत नाही, तेव्हा कर कितीही लावा’ असा निष्कर्ष काढू शकतो. चूक सॉफ्टवेअरची नसते. आपण ज्याला ‘खप’ आणि ‘किंमत’ म्हणतो ते नेमकं काय आहे, हे विचारलेलं नसतं. या लेखात तेवढंच बघू.

‘खप’ म्हणजे काय?

पेपरातल्या मासिक बातमीत जो आकडा येतो तो बहुतेक वेळा डिस्पॅचचा असतो, म्हणजे कारखान्यातून डीलरकडे गेलेल्या गाड्या. सियाम ही उत्पादकांची संघटना याच पद्धतीने मोजते. फाडा ही डीलरांची संघटना ‘वाहन’ पोर्टलवरच्या आरटीओ नोंदणीवरून किरकोळ विक्री सांगते. दसरा-दिवाळीच्या आधी डीलर माल भरून ठेवतात, तेव्हा डिस्पॅच फुगतात आणि नोंदणी नंतर वाढते. एकाच महिन्याचे हे दोन आकडे वेगळे निघाले तर त्यातला एक खोटा नसतो. दोघं वेगवेगळ्या दारात उभे राहून मोजतायत, इतकंच.

आणखी दोन खाचखळगे. मॉडेलनिहाय याद्यांत तीन दारांची थार आणि २०२४मध्ये आलेली पाच दारांची थार रॉक्स बहुतेकदा ‘थार’ या एकाच नावाखाली येतात. आणि ‘वाहन’च्या सार्वजनिक डॅशबोर्डवर निर्माता, इंधन, आरटीओ असं वर्गीकरण मिळतं, मॉडेल मिळत नाही. शिवाय तेलंगणाचे आकडे तिथे बरीच वर्षं नव्हते.

रांग लागलेली असते तेव्हा

दुसऱ्या पिढीची थार २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आली. सुरुवातीची किंमत ९ लाख ८० हजार. बुकिंग इतकं झालं की महिन्याला सुमारे २ हजार गाड्यांची क्षमता जानेवारी २०२१पर्यंत ३ हजारांवर नेऊ, असं कंपनीला जाहीर करावं लागलं. पाठोपाठ २०२१मध्ये जगभर सेमीकंडक्टर चिपचा तुटवडा आला. ग्राहक महिनोन् महिने वेटिंगवर होते.

अशा महिन्यात ‘खप’ कोण ठरवतं? ग्राहक नाही, कारखाना. गणपतीत कोकणात जाणाऱ्या एसटीची तिकिटं मोजलीत तर गाडीत आसनं किती होती ते कळेल, स्टँडवर किती माणसं ताटकळत होती ते कळणार नाही. वेटिंग असताना किंमत २० हजारांनी वाढवली तर काय होईल? काही जण रांगेतून बाहेर पडतील, रांग आखूड होईल, पण महिन्याच्या डिस्पॅचचा आकडा तसूभरही हलणार नाही. तुमचं रिग्रेशन सांगेल, परिणाम शून्य. परिणाम झालेला असतो, पण तो रांगेत झालेला असतो आणि रांगेचा रकाना तुमच्याकडे नाही. अशा वरून कापल्या गेलेल्या आकडेवारीला ‘सेन्सर्ड डेटा’ म्हणतात. जेम्स टोबिन यांनी १९५८मध्ये अशा आकडेवारीसाठी जी पद्धत मांडली ती आज ‘टोबिट’ नावाने प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे.

मग बुकिंगचा आकडा वापरू या का? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी थार रॉक्सचं बुकिंग सुरू झालं आणि पहिल्या तासात १,७६,२१८ बुकिंग झाली. पण बुकिंगची रक्कम होती २१ हजार. तेवढे भरून नाव लावणं आणि कर्ज काढून गाडी दारात उभी करणं यात अंतर असतं. थोडक्यात, डिस्पॅच मागणीला कमी दाखवतो आणि बुकिंग जास्त. खरी मागणी या दोघांच्या मध्ये कुठेतरी असते.

‘सुरुवातीची किंमत’ कुणाची?

आता दुसरा रकाना. सोपं म्हणून आपण ‘किंमत ... पासून सुरू’ हा आकडा घेतो. जानेवारी २०२३मध्ये हा आकडा एकदम खाली आला, ९ लाख ९९ हजार. थार स्वस्त झाली का? नाही. फोर बाय फोर घेणाऱ्याला एक रुपयाही सूट मिळाली नव्हती. फक्त मागच्या चाकांवर चालणारा, लहान डिझेल इंजिनचा नवा प्रकार यादीत खाली जोडला गेला होता, आणि तो भावही पहिल्या १० हजार बुकिंगपुरताच होता. यादीतली गाडी बदलली की सुरुवातीची किंमत बदलते, मग कुठल्याच गाडीचा भाव बदललेला नसला तरी चालतं. म्हणून नियम असा: किंमत घ्यायची ती एकाच प्रकाराची, वर्षानुवर्षं तोच प्रकार धरून.

हा नवा प्रकार का निघाला, तेही बघा. तीन दारांची थार ३,९८५ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे ४ मीटरच्या आत. तेव्हाच्या जीएसटीत ४ मीटरच्या आतली आणि १,५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी ‘छोटी’ धरली जाई आणि तिच्यावर सेससह ३१ टक्के कर होता. २,१८४ सीसीच्या फोर बाय फोर डिझेलवर तो ४८ टक्के होता. नव्या इंजिनाची क्षमता १,४९७ सीसी. हा योगायोग नाही, कराच्या रेषेच्या आत बसवलेली गाडी आहे.

९ लाख ९९ हजार हा आकडाही नुसता बाटाछाप नाही. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस भरावा लागतो. महाराष्ट्रात रोड टॅक्सही १० लाखांवर एक पायरी चढतो.

कोण कुणाला ढकलतंय?

समजा, दोन्ही रकाने नीट केले. तरी मुख्य प्रश्न उरतोच. थारला मागणी आहे म्हणून कंपनी भाव वाढवू शकते. उलट मारुतीची जिम्नी बघा. जून २०२३मध्ये १२ लाख ७४ हजारांपासून आली, खप अपेक्षेइतका झाला नाही आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘थंडर’ आवृत्ती १० लाख ७४ हजारांपासून विकायला काढली. एका गाडीचा भाव चढला कारण ती खपत होती, दुसरीचा उतरला कारण ती खपत नव्हती. दोघींना एका आलेखावर ठेवलंत की रेषा पुन्हा वर जाते: जास्त भाव, जास्त खप. यालाच एंडोजेनिटी म्हणतात. किंमत बाहेरून आलेली नाही, ती मागणी बघूनच ठरली आहे. फिलिप राइट यांनी १९२८मध्ये यावर जो तोडगा सुचवला तो असा: किंमत हलवणारी पण मागणीला थेट न हलवणारी एखादी तिसरी गोष्ट शोधा.

सप्टेंबर २०२५: अशी गोष्ट सापडली?

२२ सप्टेंबर २०२५ला जीएसटी बदलला. ‘छोट्या’ डिझेल गाडीवर ३१चे १८ टक्के झाले, मोठ्या इंजिनावर ४८चे ४०. कराचा निर्णय सरकारचा आहे, थारचा खप बघून घेतलेला नाही. छान! पण ‘आधी आणि नंतर’ अशी सरळ तुलना करू नका. करकपातीची घोषणा १५ ऑगस्टलाच झाली होती, म्हणून बरेच जण थांबले. मध्ये पितृपक्ष होता, त्यात तशीही खरेदी मंदावते. महिंद्राने नव्या किमती ६ सप्टेंबरपासूनच लागू केल्या. २२ तारखेला घटस्थापना, २ ऑक्टोबरला दसरा, ३ ऑक्टोबरला सुधारित थार, त्याच महिन्यात दिवाळी. ऑक्टोबरची उसळी यातल्या कुणाच्या नावावर लिहाल?

म्हणून दोन गाड्यांची आपसात तुलना करायची. नाव तेच, शोरूम तेच, सण तेच, फक्त कर वेगळा. पूर्ण लाभ ग्राहकाला दिला तर लहान इंजिनाची किंमत ११८ भागिले १३१ या प्रमाणात, म्हणजे सुमारे ९.९ टक्क्यांनी उतरायला हवी. मोठ्याची १४० भागिले १४८, म्हणजे सुमारे ५.४ टक्क्यांनी. या साडेचार टक्क्यांच्या फरकाने खपात किती फरक पडला, हा शोधण्याजोगा प्रश्न आहे. यातली मेख अशी की फोर बाय फोर घ्यायला आलेला ग्राहक स्वस्त झालेल्या प्रकाराकडे वळू शकतो. तसं झालं तर तुलनेसाठी धरलेला गटच बिघडतो आणि परिणाम फुगून दिसतो. शिवाय दोन्ही प्रकारांचा वेगवेगळा खप सार्वजनिक आकड्यांत मिळत नाही.

मग करायचं काय?

प्रश्न आकड्यांच्या मापाने कापायचा. प्रकारवार खप नसला तरी प्रकारवार किमती मिळतात. तेव्हा विचारा: करकपातीतला किती वाटा ग्राहकापर्यंत पोहोचला आणि किती काळ टिकला?

एक हिशेब करून दाखवतो. सुधारित थारही ऑक्टोबर २०२५मध्ये ९ लाख ९९ हजारांपासूनच सुरू झाली, जानेवारी २०२३चाच आकडा. पण ३१ टक्के कर काढला तर २०२३मध्ये करापूर्वीची किंमत येते सुमारे ७ लाख ६३ हजार. १८ टक्के काढला तर २०२५मध्ये ८ लाख ४७ हजार. पाटीवरचा आकडा तोच, पण कंपनी आणि डीलर यांच्याकडे राहणारी रक्कम सुमारे ८४ हजारांनी, म्हणजे ११ टक्क्यांनी जास्त. लगेच ‘नफेखोरी’ म्हणू नका हं. मधल्या पावणेतीन वर्षांत खर्च वाढले, गाडीत सुधारणा झाल्या, आधीचा भाव तर स्वागतमूल्यच होता. यातलं काय किती, हे वेगळं करणं म्हणजेच तुमचा प्रबंध.

आज एक काम करा. तुमच्या फाइलमधल्या ‘खप’ या मथळ्यावर काट मारा आणि तिथे ‘डिस्पॅच’, ‘नोंदणी’ किंवा ‘बुकिंग’ यातलं जे खरं असेल ते लिहा. ‘किंमत’च्या जागी प्रकार, तारीख, आणि एक्स-शोरूम की ऑन-रोड, हे लिहा. विषय थारचा नसेल, लासलगावच्या कांद्याचा असेल, तरी हेच करा. बाजार समितीतली आवक म्हणजे पीक नव्हे, चाळीत ठेवलेला कांदा तिच्यात दिसत नाही. मथळे नीट झाले की कुठलं मॉडेल चालवायचं ते गाइडशी बोलताना पुष्कळ सोपं जातं.